पाणी सोडणारा

१

पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल गुरुवारी सकाळच्या टपालानं आला आणि मेहमुदाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाणी स्वच्छ," रेंदाळकर साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "मासे जगण्यास योग्य. घ्या, अभ्यासवाल्या बाई, तुम्हीच वाचा."

अभ्यासवाली बाई हे नाव तिला कोल्हापूरच्या प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. सरकारनं गेल्या वर्षी अकरा तरुण वकील निवडले होते. पाण्याचा नि हवेचा कायदा नवा, तो चालवायला माणसं नाहीत, म्हणून या अकरा जणांना दोन वर्षांची अभ्यासवृत्ती देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवलं होतं. मार्चअखेर पहिलं वर्ष संपताना वरिष्ठांचा चांगला शेरा मिळाला तर दुसरं वर्ष, नाहीतर घरी. कोल्हापुरातून एकटी मेहमुदा पटवेगार निवडली गेली होती. शिवाजी पेठेतल्या तिच्या गल्लीनं तेव्हा पेढे वाटले होते, आणि सरकारनं पोरीला नक्की कसला अभ्यास दिलाय हे आजतागायत कुणाला कळलं नव्हतं.

तिनं कागद हातात घेतला. बाटली क्रमांक सात. मौजे टाकळभाट, तालुका शिरोळ, नदीचा डावा काठ. चार फेब्रुवारी १९८४. सील शाबूत, ठसा नमुन्याशी जुळतो.

"हे कसं होईल, साहेब? पाणी आपण डोळ्यांनी बघितलंय. काळं होतं. कुजक्या गुळासारखा वास येत होता."

"कोर्ट नाकानं वास घेत नाही. कोर्ट कागद बघतं." साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला तीन वर्षं उरलेला माणूस जेवढा भित्रा असतो तेवढा होता. "सोमवारी तारीख आहे. साखर कारखान्याचा वकील हा कागद नाचवणार. बाटलीत काळं पाणी भरलं आणि पुण्यात स्वच्छ निघालं, म्हणजे मधे कुणीतरी हात मारला. बाटली पुण्याला नेली गौसनं, तीही एक दिवस उशिरा. मी त्याला निलंबित करतो. आपलं ऑफिस मोकळं."

"चाचांनी केलं नसेल तर?"

"मग बाटली भरली तुम्ही, बांधली तुम्ही, लाख तुम्ही लावली. निष्काळजीपणाचा शेरा तुमच्या नावानं जाईल. दुसरं वर्ष विसरा." त्यांनी चष्मा परत नाकावर ठेवला. "तो किंवा तुम्ही. सोमवारी सकाळी दहापर्यंत सांगा."

२

गौसचाचा जिन्याखाली स्टुलावर बसून फाइलींना लाल फीत बांधत होते. एकतीस वर्षांची शिपाईगिरी आणि त्यातली निम्मी सुरगाठी मारण्यात गेलेली. मेहमुदा समोरच्या पायरीवर बसली.

"चाचा, बाटली घेऊन तुम्ही सोमवारी निघालात. पोचलात मंगळवारी संध्याकाळी."

चाचांचे हात थांबले. "साहेबांनी इचारलं तवा गाडी बंद पडली म्हणून सांगिटलं मी. तुला खोटं सांगत न्हाय. कऱ्हाडात उतरलो. माझ्या चाँदबीला लेक झाली, पोरी. मला पयली नात. रातच्याला तितंच ऱ्हायलो."

"आणि बाटली?"

"पाळण्याखाली ठिवलेली. लेकरू नि बाटली, दोन्हीकडं बघत बसलो हुतो. डोळ्याला डोळा लागला न्हाय." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "जाणार का माझी नोकरी?"

चाचा खरं बोलत होते यावर ती कुराणावर हात ठेवायला तयार होती, पण ती स्वतः वकील होती आणि असल्या भरवशाला कोर्टात काय किंमत असते हे तिला माहीत होतं. ती आपल्या टेबलाशी आली, डोकं धरून बसली आणि चार फेब्रुवारीचा दिवस पहिल्यापासून आठवायला लागली.

सकाळी जीपनं चौघं नदीकाठी उतरली होती. साहेब, चाचा, ती आणि पंच म्हणून गावचे हंबीरराव. तक्रार देणारी तानाबाई मगदूम आधीच काठावर येऊन उभी होती. विधवा बाई, पन्नाशीची, पोरगा कारखान्यात कामाला, तीन एकर रान आणि एक म्हैस. ती म्हैस नदीचं पाणी पिऊन तीन दिवसांत गेली होती, आणि रागाच्या भरात तानाबाईनं तक्रारीवर अंगठा उठवला होता. मेले मासे काठाला लागले होते. मेहमुदानं दोन बाटल्या भरल्या, तपकिरी काचेच्या. तोंडावर कापड, कापडावर सुतळी, सुतळीवर तापवलेली लाख, लाखेवर पितळी ठसा. तानाबाई शेजारी बसून सगळं टक लावून पाहत होती. कायद्याप्रमाणे एक बाटली कारखान्याच्या माणसानं तिथंच ताब्यात घेतली. दुसरी, सात नंबरची, मेहमुदाच्या पिशवीत गेली.

मग जेवण. तानाबाईनं कुणाला हलू दिलं नाही.

"च्या न्हाय करत," ती म्हणाली होती. "आमचं पाणी मचूळ, दूध फाटतंया. ताक घ्या."

मेहमुदा चुलीपाशी जाऊन बसली होती. तानाबाई भाकरी थापत होती. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, "पोरी, ह्यात आता शिक्षा कुणाला हुईल?"

"पाणी सोडणाऱ्याला, मावशी," मेहमुदानं घास गिळत सांगितलं. "सहा महिने तरी तुरुंग. कायदा कडक आहे."

तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवशी मेहमुदाला एवढंच लक्षात राहिलं होतं, की इतक्या सराईत बाईची भाकरी करपली.

जेवण झाल्यावर हंबीरराव तिला म्हैस पुरलेली जागा दाखवायला घेऊन गेले. साहेब ओसरीवर लवंडले. चाचा जीप पुसत होते. पिशवी ओसरीवरच होती, तर तानाबाई म्हणाली, "कोंबड्या चोची मारत्यात," आणि ती उचलून तिनं आत नेऊन ठेवली. मेहमुदा अर्ध्या तासानं परत आली तेव्हा घरात एक ओळखीचा वास होता. कसला ते तिला कळलं नाही, पण परक्या घरात एकदम घरच्यासारखं वाटलं आणि तिनं तानाबाईचा हात हातात घेतला. हात ओला होता.

एवढं सगळं आठवूनही मेहमुदाला त्यात काही सापडलं नाही. कारण ती चोर शोधत होती, आणि चोर शोधणारा माणूस जेवू घालणाऱ्याकडं कशाला बघतो?

दुपारी पार्सल आलं. प्रयोगशाळेनं रिकामी बाटली परत पाठवली होती, आणि वेगळ्या पाकिटात गळ्याची सुतळी, लाखेसकट.

मेहमुदानं पाकीट उघडलं, आणि ती उभीच राहिली.

३

कुतुबुद्दीन पटवेगारांचं दुकान शिवाजी पेठेत, दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं उभं राहावं एवढं. साज, ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरातले सोनार मणी घडवणार आणि ते ओवणार पटवेगार. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून कुतुबुद्दीन दिवसभर गाठी मारत बसत. लेकीनंही शाळेतून आल्यावर दहा वर्षं तेच केलं होतं.

"अब्बा, ही सुतळी बघा. लाख लावायच्या आधी बाटलीला मी बांधली होती."

त्यांनी दोरा अंगठ्यावरून काढला, सुतळी उजेडाला धरली, नखानं लाखेचा एक टवका उडवला आणि खाली बघितलं.

"ही तू बांधलेली न्हाय."

"मीच बांधली. पंचनाम्यात लिहिलंय."

"पंचनाम्यात कायबी लिव. पटव्याची गाठ दोनदा फिरून आपल्याच पोटात शिरती, आणि तुझा हात झोपेतबी तीच गाठ मारल. मी मारून मारून शिकिवलीया तुला." त्यांनी सुतळी तिच्यापुढं धरली. "हितं गाठच न्हाय. दोन टोकं एकत्र पिळलीत, आणि पीळ खालनं खोचलाय. बास."

मेहमुदानं पाहिलं. इतका वेळ तिच्या बोटांना जे खटकत होतं ते हेच होतं. लाख खरी होती, ठसा खरा होता, बाटलीसुद्धा तीच होती. बांधणारा हात दुसरा होता.

"असं कोण बांधतं, अब्बा?"

"गंगावेशीत सकाळच्याला जा. म्हशीवाल्यांना वाडं इकायला बायका येत्यात न्हवं, उसाचं शेंडं? मोळीला दोरी कुठली आणायची? वाड्याचाच एक शेंडा घ्यायचा, पीळ मारायचा नि खोचायचा. जन्मभर मोळ्या बांधल्याला हात सुतळीलाबी तसाच बांधणार." कुतुबुद्दीन परत दोऱ्याकडं वळले. "हाताची गाठ बघायची सोडून सही कशाला बघता तुमी कोर्टात?"

मेहमुदाच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. गौसचाचांनी जन्मात वाडं बांधलं नव्हतं, त्यांना फितीची सुरगाठ तेवढी ठाऊक. रेंदाळकर साहेबांनी फाइलीची फीत सोडलेली सगळ्यांनी पाहिली होती, बांधलेली कुणीच नाही. म्हणजे बाटलीचं सील फुटलं ते पुण्याच्या वाटेवर नाही, ऑफिसातही नाही. टाकळभाटातच, त्या अर्ध्या तासात.

दुकानाच्या कोपऱ्यात शेगडीवर लाखेची कांडी तापत होती. पोकळ मण्यांत भरायला लागते ती. वास दुकानभर पसरला होता.

मेहमुदानं तो वास घेतला. तानाबाईच्या घरात आला होता तो वास हाच.

४

तरीही शनिवारी एसटीनं टाकळभाटात उतरल्यावर ती आधी हंबीररावांच्या दारात गेली. मनाला पटत नाही ते माणूस शेवटपर्यंत दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला बघतो, आणि हंबीररावांचा गळा चांगला जाड होता. पंधरा एकर ऊस, कारखान्यात वजन, आणि बोलणं फटकळ.

"या पावणं," त्यांनी खाटेवरूनच हाक मारली. "हरला म्हणं तुमचा खटला."

"तुम्हाला बरंच झालं असेल."

"झालंच की! खोटं कशाला बोलू? माझा ऊस उभा हाय. तुमी कारखान्याला कुलूप लावल्यावर काय तुमचं सरकार येणार हाय गाळायला?" ते उठून बसले. "पण बाटलीला मी हात लावला न्हाय. मी तुमच्यासंगं हुतो. म्हशीचा खड्डा दावत."

ते खरं होतं. पूर्ण अर्धा तास हा माणूस तिच्या शेजारी उभा राहून सरकारला शिव्या देत होता.

आतून चहा आला. गोड, घट्ट, दुधाळ. मेहमुदानं एक घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून बसली.

"तुमच्याकडं पाणी कुठलं, हंबीरराव?"

"वरच्या बंधाऱ्यावरनं पाइप आणलीया. ग्वाड हाय. का?"

तिनं पिशवीतून अहवाल काढला. "पाणी स्वच्छ" या दोन शब्दांनी सगळ्यांचे डोळे दिपले होते. त्यांच्या खालची ओळ तिनंही नीट वाचली नव्हती. विरघळलेले क्षार, दोन हजार आठशे चाळीस. नदीच्या चांगल्या पाण्यात हा आकडा तीनशेच्या आसपास असतो, हे तिनं वर्षभरात वीस अहवालांत पाहिलं होतं. बाटलीतलं पाणी काळं नव्हतं, पण ते नदीचंही नव्हतं. ते मचूळ होतं.

"गावात मचूळ पाणी कुणाकुणाकडं आहे?"

"खालच्या अंगाला समद्या रानाला खार फुटलाय. पण हिरी बुजवल्या लोकांनी. चालू हाय ती एकटी तानाबाईची. तिला पाइप कुठली परवडती?"

मेहमुदानं कप खाली ठेवला. विहीर तिची. वास तिच्या घरात. वाड्याच्या मोळ्या बांधणारा हात तिचा, आणि तो हात त्या दिवशी ओला होता. सगळे काटे एकाच घराकडं वळले होते, आणि त्या घरात राहणारी बाई म्हणजे तर तक्रारदार! म्हैस तिची मेली, अंगठा तिनं उठवला, आणि पुरावा तिनंच धुवून टाकावा? का?

"तानाबाईचा पोरगा कारखान्यातच असतो ना?" तिनं उगीच विचारलं.

"व्हय की. जोतीराम. चार वर्सं झाली. डिस्टिलरीत हाय."

"काय काम करतो?"

"पाणी सोडणारा हाय न्हवं का त्यो," हंबीरराव म्हणाले.

५

तानाबाई गोठ्यात होती. गोठा रिकामा, तरी झाडत होती. मेहमुदाला बघून तिनं केरसुणी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"आलीस," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं आधीच येशील."

मेहमुदा गव्हाणीच्या कडेवर बसली. रागानं बोलायचं असं वाटेत ठरवलं होतं, पण राग कुठं सांडला ते कळलं नाही.

"मावशी, लाख कुठं तापवलीत?"

"चुलीतच. तुझ्या पिशवीत कांडी हुती, शिक्का हुता. तू कसं केलंस ते बघितलं हुतं की मी." तिचा आवाज सपाट होता. "बाटली मोरीत वतली, हिरीच्या पाण्यानं इसळली, परत भरली. सुतळी बांधताना हात कापत हुतं. शिक्का वाकडा पडंल म्हणून भ्या वाटलं."

"पण का? म्हैस तुमची गेली. तक्रार तुमची."

"का?" तानाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "तूच सांगिटलंस न्हवं! मी तुला इचारलं, शिक्षा कुणाला. तू म्हणलीस पाणी सोडणाऱ्याला. सहा म्हयनं तुरुंग."

हे येणार असं मेहमुदाला हंबीररावांच्या दारातून इथवर चालताना कळलं होतं. कायद्याच्या पुस्तकात पाणी सोडणारा म्हणजे कारखाना, त्याचा मालक, कारभारी, हुकूम देणारा. ती त्या पुस्तकातून बोलली होती. आणि गावात, गल्लीत, कारखान्यात पाणी सोडणारा म्हणजे कोण? तिच्या स्वतःच्या पेठेत रोज सकाळी लोखंडी चावी घेऊन वॉल फिरवायला येणारा माणूस, ज्याच्या नावानं बायका बोटं मोडतात, तो पाणी सोडणारा. दुसरं कुणी नाही. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती, आणि वर्षभर कायद्याची पुस्तकं वाचून विसरून गेली होती.

"मावशी, मी मालकाला म्हणत होते."

"मालक कवा वॉल फिरवतो?"

तानाबाईनं खाली ठेवलेली केरसुणी उचलून कोपऱ्यात टेकवली.

"माझा जोती रोज वॉल फिरवतो," तानाबाई म्हणाली. "मला वाटायचं बॉयलरला पाणी सोडत आसंल. तू बोललीस तवा डोक्यात उजेड पडला, की आपली म्हस आपल्याच पोराच्या हातानं मेली. आणि तुझ्यासारखी शिकल्याली पोरगी माझ्या चुलीपाशी बसून, माझी भाकरी खाऊन, माझ्या पोराला तुरुंगात घालाय निघाली." तिचे डोळे भरून आले, पण तिनं पुसले नाहीत. "मग काय करायला पायजे हुतं मी?"

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. पाळी संपवून आलेला जोतीराम दारात उभा होता, तिशीतला, खांदे पडलेले. त्यानं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. तो आत आला, खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि मेहमुदाकडं न बघताच पुढं केली.

तीन नंबरची टाकी नदीत रिकामी करणे. खाली व्यवस्थापकाची सही. एकोणतीस जानेवारी.

"मला भ्या वाटलं हुतं," तो म्हणाला. "समदं माझ्यावरच शेकंल असं. म्हणून मी ती फाडली न्हाय. दर बारीला चिठ्ठी परत मागून घेत्यात. ह्या बारीला इसरलं."

मेहमुदानं चिठ्ठी तीनदा वाचली. एक महिना हा कागद या माणसाच्या खिशात होता, बाटलीपेक्षा दहापट मोलाचा. त्या दिवशी चुलीपाशी तिनं मावशीला एकच उलटा प्रश्न केला असता, पोरगा काय काम करतो, तर आज बाटलीही शाबूत असती आणि चिठ्ठीही हातात असती. तिला स्वतःचा संताप आला. अकरा वकिलांत निवडून आलेली म्हणे.

"ही मी न्यायची म्हटलं तर तुमची नोकरी जाईल," ती जोतीरामला म्हणाली. "आणि मावशी, पुरावा बदलणं हाही गुन्हाच आहे. तुम्ही काय केलंत ते मला लिहून द्यावं लागेल. नाही दिलं, तर ज्यानं काही केलं नाही तो गौसचाचा घरी बसेल. जबरदस्ती मी करणार नाही. सोमवारी दहा वाजता ऑफिसात या. नाही आलात तरी मी समजून घेईन."

"न्हाय आलो तर तू काय करशील?" तानाबाईनं विचारलं.

"मला जे माहीत आहे ते लिहीन. सगळं."

मेहमुदा उठली. तिनं चिठ्ठी जोतीरामच्या हातात परत दिली आणि एसटी गाठायला निघाली. चिठ्ठी परत देऊन आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला सोमवारपर्यंत कळणार नव्हतं.

६

सोमवारी साडेनऊला तिनं साहेबांच्या टेबलावर स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद ठेवला.

साहेबांनी तो वाचला आणि दार लोटून घेतलं. "हे काय लिहिलंय? 'सीलबंद नमुना मी अर्धा तास माझ्या नजरेआड ठेवला. तत्पूर्वी तक्रारदार बाईस कायद्याचा अर्थ मी चुकीच्या शब्दांत सांगितला, त्यामुळे पुढील प्रकार घडला.' तुम्हाला कळतंय का हे? गौस सुटला. पण याच्यावर मी चांगला शेरा कसा लिहू? मुंबईला हा कागद गेला की संपलं."

"कळतंय, साहेब."

"गौसचं नाव घालून दोन ओळींत भागलं असतं."

"हो. भागलं असतं."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आणि ती बाई आलीच नाही तर? नुसत्या सुतळीवर कोर्टात उभं राहणार?"

घड्याळात पावणेदहा झाले. मग दहाला पाच कमी. गौसचाचा दोनदा विनाकारण आत येऊन गेले. मेहमुदा खिडकीशी उभी राहून खाली रस्त्याकडं बघत होती. दुसऱ्या वर्षावर पाणी सोडल्याचं दुःख होईल असं तिला वाटलं होतं, आणि ते होत होतं. खूप होत होतं. वडिलांना काय सांगायचं, गल्लीला काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती.

जिन्यावर पावलं वाजली. पुढं तानाबाई, धुवट लुगड्यात. मागं जोतीराम, एका हातानं खिसा दाबून धरलेला.

मेहमुदानं तिला खुर्ची दिली. जबाब आधीच लिहून ठेवला होता, तो तिनं हळूहळू वाचून दाखवला. मचूळ पाणी, लाख, सुतळी. "पाणी सोडणाऱ्याला" हा आपला शब्दही तिनं वगळला नव्हता. जोतीरामनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली, वाचली, आणि व्यवस्थापकाच्या सहीवर बोट ठेवून बसले.

गौसचाचांनी शाईची डबी उघडून पुढं केली. तानाबाईनं अंगठा शाईत टेकवला आणि कागदाच्या वर आणून थांबवला.

"पोरी," ती म्हणाली, "ह्यात आता शिक्षा कुणाला हुईल?"

खोलीत सगळे मेहमुदाकडं बघायला लागले. व्यवस्थापकाला, असं सांगता आलं असतं. कायद्याचं पुस्तक टेबलावरच होतं आणि त्यात तसं लिहिलेलं होतं. पण कारखान्याचा वकील जोतीरामला पुढं ढकलणार हे तिला ठाऊक होतं. तानाबाईवर गुन्हा नोंदवायचा की नाही हे तिच्या हातात नव्हतं. आणि एप्रिलपासून यातलं काहीच तिच्या हातात राहणार नव्हतं.

"मला ठाऊक न्हाय, मावशी," ती म्हणाली. बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ऑफिसात ती पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलली होती.

"व्हय," तानाबाई म्हणाली. "आता खरं बोललीस."

आणि तिनं कागदावर अंगठा उठवला.